बोरगाव मेघेचे दप्तर

वर्धा शहराला खेटून असलेल्या बोरगाव (मेघे) या गावाचा इतिहास लिहावयास बसले, तर ना किल्ला हाती लागतो, ना लढाई, ना ताम्रपट. परंतु जेथे तलवार चालली नाही तेथे काही घडलेच नाही, ही आपली शालेय समजूत विदर्भातील खेड्यांवर फार अन्याय करणारी आहे.

वास्तविक येथे वडीलकीचा मान खेड्यांकडे जातो. नागपूरपासून वेगळा काढून वर्धा जिल्हा १८६२ साली झाला, त्याची कचेरी प्रथम पुलगावजवळच्या कवठ्यास होती, आणि १८६६ साली पालकवाडी नामक वस्तीच्या जागी आजचे वर्धा आखले गेले. शहर खेड्यांच्या शेजारास राहावयास आले, आणि आता तेच घरमालकाच्या तोऱ्यात वावरते!

कंसातील ‘मेघे’ ही मालगुजारीची खूण असावी. भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाल्यावर इंग्रजांनी जो बंदोबस्त केला, त्यात सारावसुली करणाऱ्या मालगुजारास गावाची मालकीच बहाल झाली, आणि रयतेच्या डोक्यावर एक कायमचा धनी बसला. शेजारच्या शेगावचे मालगुजार जमनालाल बजाज होते. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होई म्हणून गांधीजींच्या त्या गावाचे १९४० साली सेवाग्राम झाले. बोरगाव, सावंगी, सिंदी यांना मात्र त्याच नावाच्या दुसऱ्या गावांपासून वेगळे ओळखू येण्यास ‘मेघे’चा कंस पुरला.

मालगुजारी ३१ मार्च १९५१ रोजी संपली. तिच्या काळातले दप्तर संपले नाही. गुरे कोठे चरावीत, सरपण व मुरूम कोठून आणावा, गाडीवाट कोणत्या धुऱ्याने जावी, याची नोंद निस्तारपत्रकात आणि वाजिब-उल-अर्जात करण्याची वहिवाट १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही विदर्भापुरती राखली आहे. गावाचे खरे चरित्र या रुक्ष कागदांत असते, आणि त्याची भाषा कितीही कचेरीची असली तरी एखाद्या बखरीहून ते मला अधिक विश्वसनीय वाटते.

भूगोलही या कागदांतच वाचावा. आपल्या पूर्वजांनी घरे बांधावयास पांढरी निवडली आणि काळी पिकासाठी राखली, यात शहाणपण होते. कारण कपाशीला पोसणारी ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पाया मुरमापर्यंत नेला नाही तर नव्या कोऱ्या भिंतीला तिरपा तडा देते. आज शहरांच्या कडेला लेआउट पडतात ते नेमके या काळीवर. पांदण बुजते, नाल्याचे पात्र भूखंडात शिरते, आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी आपली जुनी वाट मागत दारात उभे राहते.

जनगणनेच्या लेखी बोरगाव (मेघे) हे नगर आहे, कारण जनगणना लोकसंख्या, दाटी आणि शेतीबाहेरचा रोजगार पाहते. कारभार पाहावयास मात्र ग्रामपंचायत. अशा गावांनी शहरात विलीन व्हावे की न व्हावे, हा वाद पुढाऱ्यांना रुचणारा आहे, आणि तो त्यांनी खुशाल घालावा. माझी मागणी माफक आहे: मौज्याचा जुना नकाशा व निस्तारपत्रक तहसिलीच्या कपाटातून काढून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावे, आणि नवा लेआउट मंजूर करण्यापूर्वी त्या नकाशातील प्रत्येक पांदण व नाला जागेवर जाऊन मोजावा.