व्यायामाची मात्रा कोणी लिहावयाची?

गेल्या हेमंतातील प्रसंग आहे. लोधिवली परिसरातील एका वाडीवरचा एकोणीस वर्षांचा तरुण दोघा मित्रांच्या आधाराने आमच्या चिकित्सालयात आला. दोन्ही मांड्या लाकडासारख्या ताठ झालेल्या, स्पर्श सहन होत नव्हता, उकिडवे बसणे अशक्य होते. ज्वर नव्हता, मार लागल्याचा इतिहास नव्हता. प्रश्नपरीक्षेत कळले की, सैन्यभरतीची तयारी म्हणून मित्रांशी पैज लावून त्याने दोन दिवसांपूर्वी एका दमात पाचशे बैठका काढल्या होत्या. तत्पूर्वी बैठकांचा सराव म्हणून काही नव्हताच. मूत्राचा वर्ण विचारला, तेव्हा तो संकोचाने म्हणाला, "कोऱ्या चहासारखा."

आम्ही त्याला तत्काळ मोठ्या रुग्णालयात पाठविले. अतिश्रमाने मांसपेशी विघटित होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात व वृक्कांना इजा करतात. आधुनिक वैद्यक या अवस्थेस ऱ्हॅब्डोमायोलिसिस म्हणते. वेळेत शिरेवाटे द्रव मिळाल्यामुळे त्याची वृक्के वाचली व काही दिवसांत तो घरी परतला. परंतु त्या सायंकाळी त्याच्या आईने उच्चारलेले वाक्य आमच्या मनातून जात नाही. ती म्हणाली, "डॉक्टर, तुम्हीच बोलले होते ना, व्यायाम कर म्हणून!"

तिचे म्हणणे खरे होते. तीन आठवड्यांपूर्वी तो अग्निमांद्याची तक्रार घेऊन आला होता. आमच्या चिठ्ठीवर चूर्णाचे नाव होते, त्याची मात्रा होती, सेवनकाल होता, अनुपान होते. सर्वांत शेवटी एकच शब्द होता, 'व्यायाम'. कोणता, किती, केव्हा, कोठे थांबावयाचे, यांपैकी काहीही नव्हते. अर्ध्या तोळ्याच्या चूर्णासाठी एवढी दक्षता घेणारे आम्ही, संपूर्ण शरीरावर परिणाम करणारे औषध मात्र मात्रेविना देऊन मोकळे झालो होतो. ही चूक आमच्या एकट्याची असती, तर हा लेख लिहिण्याचे प्रयोजन नव्हते. सूज्ञ वैद्यबंधू-भगिनींनी आपापल्या चिठ्ठ्या एकवार चाळून पाहाव्यात, एवढीच सुरुवातीस विनंती.

शास्त्राने मात्रा सांगितलेली आहे

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात व्यायामाची व्याख्या येते. शरीरास स्थैर्य देणारी व बल वाढविणारी हवीशी चेष्टा म्हणजे व्यायाम. आणि ती मात्रेनेच आचरावी, असे आचार्य त्याच श्लोकात बजावतात. लाघव, कर्मसामर्थ्य, स्थैर्य, दुःखसहिष्णुता, दोषक्षय व अग्निवृद्धी ही त्याची फळे. लगेच पुढे अतिव्यायामाचे दोष येतात: श्रम, क्लम, धातुक्षय, तृष्णा, रक्तपित्त, प्रतमक, कास, ज्वर, छर्दी. गुण आणि दोष असे शेजारी मांडण्याची ही रीत औषधद्रव्याची आहे. आचार्य व्यायामाकडे औषध म्हणूनच पाहत होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

वाग्भटाचार्य अर्धशक्तीची मर्यादा घालतात. बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यानेही शीतकाळी व वसंतात अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा, इतर ऋतूंत त्याहून मंद. अर्धशक्ती ओळखावयाची कशी, हे सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात मिळते. व्यायाम करताना हृदयस्थ वायू मुखावाटे बाहेर पडू लागला, म्हणजे बलार्ध झाले असे जाणावे. टीकाकारांनी कपाळ, नाक, काखा व सांधे येथे येणारा घाम आणि मुखशोष ही लक्षणे जोडली आहेत. आजचे व्यायामतज्ज्ञ मध्यम श्रमाची जी सोपी खूण सांगतात, ती याच्या जवळची आहे: बोलता येते, पण गाता येत नाही. नाकाने चाललेला श्वास तोंडाने घ्यावा लागला की थांबावे, ही सूचना निरक्षर रुग्णासही समजते. तिला घड्याळ लागत नाही व यंत्रही लागत नाही. आमच्या त्या तरुणास ऋतू अनुकूल होता, वयही अनुकूल होते. त्याला फक्त थांबण्याची खूण कोणी सांगितली नव्हती.

वस्तादाची रिकामी जागा

हल्ली तरुण 'कॅलिस्थेनिक्स' हा शब्द सहज वापरतात. शरीराच्याच भाराने करावयाचा व्यायाम, एवढाच त्याचा अर्थ. सौंदर्य व बल या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून तो बनला आहे. नाव परके असले तरी वस्तू महाराष्ट्रास नवी नाही. जोर, बैठका, सूर्यनमस्कार व मल्लखांब ही याच कुळातील मंडळी होत. औंधचे अधिपती भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा आयुष्यभर प्रचार केला व आपल्या संस्थानातील शाळांत तो आवश्यक केला. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ साली स्थापन झाले व १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकार जगापुढे सादर केले. आमच्या खालापूर तालुक्यातून घाट चढून वर गेले की लोणावळे लागते. तेथे स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी आरंभिली. हेच स्वामीजी तरुणपणी बडोद्यास प्रोफेसर माणिकरावांच्या आखाड्यात शिकले होते.

या परंपरेचा अभिमान बाळगताना तिचे एक अंग आपण विसरतो. आखाड्यात वस्ताद असे. नव्या पोराने किती जोर मारावयाचे, कोणत्या दिवशी विश्रांती घ्यावयाची, खुराक काय, अंगाला तेल केव्हा चोळावयाचे, हे तो ठरवी. पोराचा चेहरा व श्वास पाहून त्याला मध्येच उठवी. व्यायामाची मात्रा ग्रंथात होती, तशी ती त्या नजरेतही होती. आज गावोगावच्या तालमी ओस पडल्या. पोरे मोबाईलच्या पडद्यावर पाहून व्यायाम शिकतात. पडद्यावरचा मनुष्य शंभर जोर काढून दाखवितो. परंतु पाहणाऱ्याचा श्वास तोंडाने सुरू झाला आहे, हे त्याला दिसत नाही. ही रिकामी झालेली जागा अंशतः तरी वैद्याने भरावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. रुग्णाची प्रकृती, अग्नी, बल, वय व व्याधी आपण पाहतोच. मग मात्रा दुसऱ्या कोणी लिहावी, हे युक्त नाही.

अधिकारी कोण?

लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण ५७ टक्के, तर पुरुषांत ४२ टक्के होते. हे आकडे वाचून सरसकट सर्वांना व्यायाम सांगण्याचा मोह होतो. आमच्या परिसरात तो मोह विशेष घातक आहे, कारण येथे दोन टोके शेजारी नांदतात.

पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रात पाळीवर जाणारा, दुचाकीने फिरणारा, उदर सुटलेला पंचेचाळिशीचा कामगार एकीकडे आहे. त्याच्याच मागे रांगेत वीटभट्टीवरून आलेली कातकरी भगिनी उभी असते. तिचा दिवस विटा वाहण्यात जातो, जेवणात स्निग्धांश नावापुरता, हिमोग्लोबिन कमी. व्यायाम बलवान व स्निग्धभोजी मनुष्यास सांगितला आहे. त्या भगिनीस व्यायाम सांगणे म्हणजे क्षीण धातूंवर आणखी कर लादणे होय. तिला विश्रांती, अभ्यंग, आहार व रक्तवर्धक चिकित्सा हवी. श्रम आणि व्यायाम हे दोन भिन्न पदार्थ आहेत, हे चिठ्ठी लिहिण्यापूर्वी ध्यानात असावे.

प्रमेहातही भेद करावाच लागतो. सुश्रुताचार्यांनी प्रमेहचिकित्सेत व्यायाम व नियुद्ध सांगितले. निर्धन प्रमेह्याने पादत्राण व छत्रीवाचून शंभर योजने चालावे, विहीर खणावी, इतके कठोर उपाय सांगितले. परंतु चरकाचार्य स्थूल-बलवान प्रमेही व कृश-दुर्बल प्रमेही असे दोन वेगळे करतात, हे विसरून चालणार नाही. शिवाय आज आपल्याकडे येणारा मधुमेही बहुधा आधुनिक औषधे घेत असतो. इन्सुलिन किंवा शर्करा वेगाने उतरविणारी गोळी घेणाऱ्यास 'पहाटे अनशेपोटी व्यायाम करा' असे सांगणे धोक्याचे आहे. ज्याच्या तळपायाची संवेदना गेली, त्यास अनवाणी चालणे निषिद्ध. ज्याच्या दृष्टिपटलात विकृती आहे, त्याने श्वास कोंडून जोर मारू नयेत. ग्रंथाशी निष्ठा राखणे म्हणजे समोरच्या रुग्णाकडे डोळेझाक करणे नव्हे.

रात्रपाळीचा प्रश्न असाच आहे. अतिव्यायाम व अतिजागरण यांना वाग्भटाचार्यांनी एकाच पंक्तीत बसविले असून, त्यांचे अतिसेवन करणारा हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाप्रमाणे नाश पावतो, असे म्हटले आहे. रात्रपाळी संपवून थेट व्यायामशाळेत जाणारे रुग्ण आमच्याकडे आहेत. त्यांना प्रथम निद्रा व सायंकाळी हलका व्यायाम असा क्रम आम्ही लावून देतो.

आमचा प्रघात

त्या प्रसंगानंतर आम्ही चिठ्ठीवर व्यायामासाठी वेगळी जागा ठेवली आहे. द्रव्य, मात्रा, काल, अनुपान या चार घरांत तो लिहितो. अभ्यासमुक्त परंतु निरोगी प्रौढास पहिले दोन आठवडे भिंतीला हात टेकून जोर ८ ते १०, खुर्चीवरून उठ-बस ८ ते १०, दोन आवर्तने, एक दिवसाआड. तोंडाने श्वास सुरू झाला की संख्या अपुरी असली तरी थांबणे. दुसऱ्या दिवशी अंग जड न वाटल्यास दर आठवड्यास एक-दोन संख्या वाढविणे. मग भिंतीऐवजी ओटा, ओट्याऐवजी जमीन. उठ-बस झाली की बैठक. उरलेल्या दिवशी चालणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम व किमान दोन दिवस स्नायूंना बल देणारा व्यायाम सांगितला आहे. वरील क्रमाने काही महिन्यांत रुग्ण तेथवर सुखाने पोहोचतो.

काल म्हणजे पूर्वीचे अन्न जिरल्यावर, मलमूत्रविसर्जनानंतर. ग्रीष्मात व वर्षाऋतूत संख्या निम्म्यावर. ऋतुचर्येत ग्रीष्मात व्यायामाचा व वर्षात आयासाचा निषेधच आहे, आणि आमच्याकडील दमट उकाडा अनुभवलेल्यास त्याचे कारण वेगळे सांगावे लागत नाही. अनुपान म्हणजे आधी तीळतेलाचा अभ्यंग, नंतर सुखकर मर्दन, थोडी विश्रांती व मग स्नान. छातीत दुखणे, भोवळ, अनाठायी धाप किंवा मूत्राचा गडद वर्ण दिसल्यास व्यायाम बंद करून त्याच दिवशी येणे, ही ओळ आम्ही ठळक लिहितो.

भरतीच्या तरुणांची अडचण आम्ही जाणतो. अग्निवीर भरतीत दहा बीम मारणाऱ्यास पूर्ण ४० गुण, सहाच मारणाऱ्यास १६. हा फरक घराचे भवितव्य ठरवितो. त्याला 'अर्धशक्तीने कर' म्हणावे, तर तो दुसरीकडे जाईल. आम्ही त्यास एवढेच समजावितो की, अर्धशक्ती ही आजच्या बलाची अर्धी. बल वाढले की तिचे मापही वाढते. आज तीन बीम मारणाऱ्याने सहा महिने आधी आरंभ करावा, सहा दिवस आधी नव्हे. तो पाचशे बैठकांचा तरुण आता याच रीतीने सराव करीत आहे.

काही वैद्यमित्र म्हणतात, हे काम व्यायामशिक्षकाचे, आपण औषधाचे पाहावे. चांगला शिक्षक उपलब्ध असेल तेथे रुग्ण त्याच्या हाती अवश्य सोपवावा. अवघड मुद्रा व मल्लखांब चिठ्ठीवरून शिकण्याचे विषय नव्हेत. परंतु आमच्यासारख्या गावांत शिक्षक नाही, आणि रुग्ण वैद्याचे ऐकतो. जेथे रुग्ण आपले ऐकतो, तेथे अर्धवट बोलण्याचा अधिकार आपणास उरत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री याच तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर जाण्यास गाडीरस्ता नव्हता. मदतीस गेलेल्यांना पावसात, चिखलात पायी चढून हातांनी माती उपसावी लागली. चरकाचार्यांचा 'कर्मसामर्थ्य' हा शब्द आम्हांस त्या दिवसांत नव्याने उमगला. बल आरशासाठी नसते. ते आपल्या व दुसऱ्याच्या कामी येण्यासाठी असते, आणि ते संकटाच्या दिवशी उसने मिळत नाही.

शेवटी एक नम्र सूचना. पुढील तिमाहीत प्रत्येक सभासदाने किमान दहा रुग्णांच्या चिठ्ठीवर व्यायाम मात्रेसह लिहावा व त्याचे फलित या पत्रिकेकडे पाठवावे. आणि अकरावी चिठ्ठी स्वतःच्या नावे लिहावी. आम्ही ती लिहिली आहे. भिंतीवरून ओट्यापर्यंत आलो आहोत. जमीन अद्याप दूर आहे.

इत्यलम्।