काळं नख

दारात बोट चेमटलं की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "काही होत नाही, नख गळून नवं येईल." दुसरा, "दाभण तापवून भोक पाड, रक्त निघून जाईल." शाळेत इतकी वर्षं काढली, दोन्ही सल्ले शेकडो वेळा ऐकले. मला दोन्ही अपुरे वाटतात.

मुळात होतं काय? नखाखालच्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. वर नखाचं टणक झाकण, खाली हाड. साकळलेल्या रक्ताला जायला वाटच नसते. दाब वाढतो आणि नाडीबरोबर ठणका लागतो. थेंबभर रक्त, पण मोठ्या माणसाचीही झोप उडवतं. तिथे लहान मुलाला "एवढ्याशा नखासाठी रडतोस?" म्हणणं मला पटत नाही.

म्हणून रंग पाहू नये, ठणका पाहावा. फारसं दुखत नसेल तर कापडात गुंडाळलेला बर्फ लावावा, हात उंच ठेवावा आणि नखाला त्याच्या वाटेने जाऊ द्यावं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं. पूर्ण बदलायला सहाएक महिने लागतात.

ठणका सहन होत नसेल तर मात्र पहिल्या एक-दोन दिवसांतच डॉक्टरांकडे जावं, कारण तोवर रक्त पातळ असतं. डॉक्टर नखाला बारीक भोक पाडतात. नखाला स्वतःला संवेदना नसते, आणि दाब उतरला की लगेच बरं वाटतं. पूर्वी रक्त जास्त पसरलं असेल तर नखच काढत. आता नख आणि त्याच्या कडा शाबूत असतील तर बहुधा भोक पुरतं.

"मग दाभणाने काय बिघडलं?" असं कुणी विचारेल. भोक पाडणं सोपं आहे हो, त्याआधीचं पाहणं अवघड! आतलं हाड मोडलंय का, पेर वाकतं आणि सरळ होतं का, नख मुळातून उचकटलंय का, धनुर्वाताचं इंजेक्शन हवं का, हे दाभणाला कळत नाही. हाड मोडलेलं असताना घरी भोक पाडलं तर जंतू थेट हाडापर्यंत जाऊ शकतात.

आणखी एक. माराचा काळा डाग नखाबरोबर पुढे सरकतो. तो सरकला नाही, मार न लागता उभी काळी रेघ उमटली किंवा काळेपणा शेजारच्या कातडीवर पसरला, तर दुखत नसलं तरी दाखवायलाच हवं. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या अंगठ्याचं दुखणं आधी फुटबॉलची इजा समजलं गेलं. १९७७ मध्ये नखाखाली मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कर्करोग निघाला. १९८१ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

सोसण्याचं आपल्याला फार कौतुक. पण डॉक्टरांना विचारून मग सोसलं, तर सोसण्याची किंमत काही कमी होत नाही.