झाकली मूठ, रिकामा चौथरा

मँचेस्टरजवळच्या डनहॅम मॅसी या सरदारी वाड्यासमोर एक काळा माणूस गुडघे टेकून होता. शिशात ओतलेला, अंगावर जेमतेम वस्त्र, डोक्यावर सूर्यघड्याळाची तबकडी. अठराव्या शतकात धन्याला वेळ कळावी म्हणून तो बसवला गेला आणि जून २०२० पर्यंत त्याने ते ओझे वाहिले. त्या महिन्याच्या ७ तारखेला ब्रिस्टलमध्ये गुलामांचा व्यापारी कोलस्टन याचा पुतळा जमावाने बंदरात ढकलला. काही दिवसांतच वाडा चालवणाऱ्यांनी डनहॅमचा माणूसही जागेवरून उचलून कोठीत ठेवला.

हे शिल्प अपमानकारक आहे, हे वाचकांना समजावायला नको. राग आहे तो ‘उचला आणि कोठीत टाका’ या रीतीवर. अडीच शतके ज्याची लाज वाटली नाही, त्याची चार दिवसांत वाटली! बरे, वाटली तर वाटली; पण ती बोलून का दाखवायची नाही?

“तो गुलाम नव्हेच, आफ्रिका खंडाचे प्रतीक,” असे काही जाणकार सांगतात. असेल बुवा. मग अख्ख्या खंडाला गुडघ्यावर कशाला बसवले? आणि हा काही एकुलता एक नव्हे. जॉन नॉस्ट या शिल्पकाराच्या लंडनमधल्या कारखान्यातून अशा मूर्ती निघत. साचा एक, गिऱ्हाइके अनेक. याचा एक भाऊबंद लंडनमध्ये इनर टेंपलच्या बागेत, वकिलांच्या शेजारी जाऊन पोचला.

दुसरे गळा काढतात: इतिहास पुसू नका. त्यांच्या इतिहासात एक आकडा मात्र सहसा सापडत नाही. गुलामगिरी बंद करताना ब्रिटनने २ कोटी पौंड भरपाई दिली, ती मालकांना. गुलामांना शून्य. त्यासाठी काढलेले कर्ज २०१५ साली फिटले. म्हणजे तोवर तिथे कर भरणाऱ्या मराठी माणसाच्या पगारातूनही त्या मालकांचे देणे गेले.

कोठीतले शिसे हे सांगत नाही. कोलस्टन सांगतो. पाण्यातून काढून २०२१ मध्ये त्याला ब्रिस्टलच्या संग्रहालयात आडवा मांडला, रंगाच्या फराट्यांसकट. मुंबईनेही १९६५ मध्ये ‘काळा घोडा’ हा पुतळा हलवला, पण नेला तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत, लोकांच्या डोळ्यांसमोर.

तेव्हा सुट्टीत असे वाडे पाहायला जाणाऱ्यांनी हरणे बघावीत, चहा घ्यावा, आणि निघताना तिथल्या माणसाला विचारावे: इथे अंगणात कोण होते, आणि त्याला गुडघ्यावर का बसवले होते?