दारूचं माप आणि हरणाचं काळीज

कोकणात ठासणीची बंदूक अजून भिंतीवर दिसते, पण तिच्यात दारू किती घालावी यावर वाद घालताना मी कोणाला ऐकलं नाही. इथे ओहायोत मात्र हरणांचा ठासणीचा हंगाम जवळ आला, की आमच्या शेजारच्या गृहस्थांना दुसरा विषय सुचत नाही. पोराच्या मार्कांसारखे ते गोळीच्या वेगाचे आकडे सांगतात. शंभर ग्रेन दारूला इतका वेग, एकशेवीसला तितका. (शंभर ग्रेन म्हणजे साडेसहा ग्रॅम. चहाच्या सव्वा चमच्यात मावतील. आव मात्र तोफखान्याचा!)

चाचणी घेऊच नये, असं मी म्हणत नाही. घ्यावीच. पण ही मंडळी परीक्षा घेतात ती दारूची. नापास व्हायचा असतो तो माणूस, आणि तो पेपर तपासत बसलेला असतो!

एक तर दारू वाढवली म्हणून त्याच हिशेबाने वेग वाढत नाही. काळी दारू जळली तरी तिचं निम्म्याहून अधिक वजन घनरूपातच उरतं. त्यातलं काही धुरातून जातं, काही नळीत काजळी होऊन बसतं. वाढतो तो धक्का, आणि धक्क्याच्या भीतीने चाप ओढण्याआधीच डोळे मिटतात. बरं, जुन्या पद्धतीची शिशाची गोल गोळी घेतली, तर शंभर यार्डांवर पोचेपर्यंत तिचा निम्म्याच्या आसपास वेग वाटेतच सांडलेला असतो. मग चमचाभर जास्तीची श्रीमंती मिरवायची कुठे?

आणि हे सगळं चालतं टेबलावर वाळूची पिशवी ठेवून, दर बारानंतर नळी पुसून, कॉफीचे घोट घेत. रानात कुठलं आलंय टेबल? तिथे बोटं गारठलेली, अंगावर गादीएवढा कोट, छातीत धडधड, आणि बार एकच. दुसरा ठासेपर्यंत हरण पुढच्या तालुक्यात.

काळीज-फुप्फुसांची जागा म्हणजे आठेक इंचांची बशी. गोळी तिथे बसली तर हरण लवकर सुटतं. वीतभर मागे, पोटात बसली, तरी ते मरतंच; पण तासन्‌तास, कुठल्या तरी झुडपात, एकटं. तेव्हा बशीएवढा कागद लावा, कोट घाला, उभे राहा, आणि पुसलेल्या थंड नळीतून एकच बार काढा. असं पाच दिवस करा. पाचही गोळ्या ज्या अंतरावरून कागदात बसतील, तेवढंच तुमचं रान. मग खोक्यावर दोनशे यार्ड छापलेले असोत, नाहीतर दोन हजार.

शेजारी म्हणतात, ‘‘उभ्याने मारलं तर कागद फार वाईट दिसतो हो!’’

दिसू दे की! कागदाच्या पोटात गोळी लागली, तर रात्री बॅटरी घेऊन पानांवरचे रक्ताचे थेंब शोधत हिंडावं लागत नाही.