बाप्तिस्म्याचे वचन आणि बाळाची वाटी



याइराची बारा वर्षांची मुलगी उठून चालू लागली तेव्हा घरातले सगळे थक्क झाले. त्या गडबडीत प्रभू येशूने मुलीला खायला देण्याची आठवण केली (मार्क 5:43). जिने मरणाचा उंबरठा ओलांडला होता, तिच्या पोटाची काळजीही त्याला होती. या भागावर आम्ही कितीतरी संदेश ऐकले असतील. तो मनाला भिडला मात्र गेल्या पावसाळ्यात, उज्जैनमधल्या एका भाड्याच्या खोलीत.

आमच्या शहरात मराठी ख्रिस्ती घरे मोजकी. बरीचशी नोकरीनिमित्त महाराष्ट्रातून आलेली. आपल्या रीतीप्रमाणे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते. तिथे तीन-चार महिने आई, मावशी, आजी सगळे बघतात. मग ती परत येते. सहा महिने पूर्ण झाले की आईच्या दुधाबरोबर वरचे अन्न सुरू करायचे असते आणि नेमकी तेव्हाच ती एकटी असते. सासू गावी, नवरा कामावर.

आम्ही भेटीला गेलो त्या घरातले बाळ आठ महिन्यांचे होते. आई रोज वाटीभर डाळीचे पाणी पाजत होती, तरी अंगणवाडीच्या काट्यावर दोन महिने वजन हलले नव्हते. ती म्हणाली, "मावशी, डाळीचं पाणी द्या असं तुम्हीच सांगितलं होतं ना?" खरेच, आम्हीच सांगितले होते. डाळीचा कस तळाशी राहतो आणि वरच्या पाण्याने इवलेसे पोट भरून जाते, हे आम्हांला ठाऊक नव्हते. आम्ही क्षमा मागितली आणि बाळाला डॉक्टरांकडे नेले.

त्याच घरातल्या फळीवर बाळअन्नाचे दोन रिकामे डबे होते. दोन्ही बाप्तिस्म्याच्या दिवशी भेट आलेले, त्यातला एक आमचाच. ते संपल्यावर नवे घ्यायला पैसे नव्हते.

इथे थोडे स्पष्ट बोलतो. आपल्या देशात 1992 चा कायदा आहे, 2003 मध्ये तो अधिक कडक झाला. दोन वर्षांखालील बाळांच्या तयार अन्नाची जाहिरात करणे, आयांना मोफत नमुने वाटणे कंपन्यांना मना आहे. कंपनीला जे करता येत नाही, ते आपण प्रेमापोटी चर्चच्या दारात करतो. एप्रिल 2024 मध्ये स्वित्झर्लंडच्या 'पब्लिक आय' या संस्थेने दाखवून दिले की एका नामांकित कंपनीच्या भारतात विकल्या जाणाऱ्या बाळअन्नात एका वेळच्या खुराकात सरासरी जवळजवळ 3 ग्रॅम साखर घातलेली होती. युरोपातल्या तशाच डब्यांत ती नव्हती.

तरी डबा वापरणाऱ्या आईला बोल लावण्याचा अधिकार आम्हांला नाही. नोकरीवरून थकून आलेल्या बाईला "आमच्या वेळी सगळं घरीच करत होतो" असे ऐकवणे सोपे आहे. तिच्या चुलीपाशी अर्धा तास उभे राहणे कठीण आहे. आमचे म्हणणे एवढेच, की बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हा मंडळी उभी राहून त्याला वाढवण्यात साथ देण्याचे वचन देते. सहाव्या महिन्यात ते वचन वाटी-चमच्याने पाळायचे असते.

म्हणून आमच्या महिला मंडळाने आता भेट बदलली आहे. दोन वाट्या तांदूळ किंवा गव्हाचा दलिया आणि एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत कडकडीत वाळवून, मंद आचेवर भाजून दळतो आणि कोरड्या डब्यात भरून नेतो. दोन चमचे पूड पाण्यात कालवून, ढवळत चांगली शिजवायची. चमचा तिरका केला तरी खीर ओघळू नये, इतकी घट्ट हवी. वरून अर्धा चमचा तूप. हळूहळू त्यात भोपळा, पालक कुस्करायचा. आपल्या घरांत अंडी, मासे, चिकन चालते. पूर्ण उकडलेले अंडे, काटे नीट काढलेला मासा, मऊ शिजवून बारीक केलेले चिकन बाळालाही चालते. सहा महिन्यांनंतर त्याला लोहाची गरज फार असते. सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोन-तीनदा. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत आणि पुढेही चालू ठेवावे. पहिल्या वर्षात मीठ-साखर नको आणि मध तर मुळीच नको. मधातल्या जंतूंमुळे तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते.

कोणी म्हणेल, हे काम अंगणवाडीचे आणि दवाखान्याचे आहे. 1975 पासून अंगणवाड्या वजन करतात, आहार देतात, त्याबद्दल देवाचे आभार. वजन वाढत नसेल तर तिथे आणि डॉक्टरांकडे जायलाच हवे. पण सकाळी अकरा वाजता रडणारे बाळ कडेवर घेऊन "तू आधी जेव" असे आईला म्हणणारे माणूस सरकार पाठवू शकत नाही. ते मंडळीतूनच जायला हवे.

हन्नाची गोष्ट आठवा (1 शमुवेल 1). शमुवेलाचे दूध तुटेपर्यंत ती वार्षिक यज्ञासाठी शिलोला गेली नाही आणि एलकानाने तिला तसे करू दिले. तिचे घरी राहणे देवाच्या सेवेत कमी पडले नाही. म्हणून तान्ह्या बाळाची आई रविवारी उपासनेला दिसली नाही, तर गैरहजेरी मांडू नका. उपासना संपली की तिच्या घरी जा. तो डबा बरोबर घ्या आणि थोडा वेळ बसा.

त्या बाळाने आता वजन धरले आहे. परवा त्याने आमच्या हातातला चमचा हिसकावून घेतला.

प्रभू आपणां सर्वांस सेवेसाठी सामर्थ्य देवो. आमेन.