पंपाचा दावा लावायचा का?



कपाशीवर तुडतुडे चढलेत आणि मुदतीतल्या बॅटरी पंपाची मोटर बसली. दुकानदार म्हणतो, पंप कंपनीत जाईल, पंधरा दिवस लागतील. तुडतुडे थांबतात थोडेच! मग आपण मिस्त्रीकडून पंप खोलून घेतो आणि कंपनीला वॉरंटी नाकारायला आयते कारण मिळते.

नोझल, वायसर झिजायचेच, त्यापायी भांडू नका. मोटर, बॅटरी गेली तर मात्र सोडू नका. पंप न खोलता दुकानात द्या, लेखी तक्रारीची पोच घ्या. फवारणी शेजाऱ्याच्या पंपाने उरका. (त्याने टू-फोर-डी मारले नाही ना, तेवढे विचारा, अंश राहिला तरी कपाशीची पाने आकसतात.)

दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्याखाली पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकिलाची सक्ती नाही, मुदत दोन वर्षे. शेतकरी हा ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली राष्ट्रीय बीज निगमाच्या खटल्यात सांगितले आहे.

एका पंपासाठी तालुका-जिल्हा हेलपाटे परवडत नाहीत, हे खरे. पण गावात त्याच कंपनीचे पाच-सहा पंप तसेच गेले असतील, तर आयोगाच्या परवानगीने एकच तक्रार करता येते. पक्की बिले घेऊन बैठकीला या.