वाट पाहू नका, त्या माउलीला एकटं पाडू नका
छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील ग्रामस्थ, सरपंच, शिक्षक, अंगणवाडीताई आणि आशाताईंना कळकळीचं आवाहन

दोन-अडीच वर्षांचं लेकरू. हाक मारली तरी वळून पाहत नाही, नजरेला नजर देत नाही, हवी ती वस्तू बोटानं दाखवत नाही. खेळण्यातल्या गाडीचं चाक तेवढं तासन्तास फिरवत बसतं. घरचे म्हणतात, ‘बोलेल हळूहळू, याचा बापही उशिराच बोलला.’ कुणी नजर काढतं, कुणी देवऋष्याकडे नेतं. त्यात दोन-तीन वर्षं जातात आणि शिकवण्याच्या दृष्टीनं तीच सर्वांत मोलाची असतात.

ही स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, असू शकते. अशा मुलांच्या मेंदूची वाढच वेगळ्या रीतीनं होते. ती आईच्या दुर्लक्षामुळे होत नाही, लसीमुळे होत नाही, बाहेरच्या बाधेनं तर नाहीच. तिला ‘बरं करणारं’ औषध नाही. तसं सांगून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. मात्र लवकर ओळखून नीट शिकवलं तर मूल आपलं म्हणणं सांगू लागतं, स्वतःचं काम स्वतः करू लागतं.

अडचण अंतराची आहे. सोयगावहून शहर शंभराहून अधिक किलोमीटर. थेरपीसाठी दर आठवड्याला यायचं तर दिवसाची मजुरी बुडते, भाडं वेगळं. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे तर सहा-सहा महिने जातात. शहरात अंबिका टाकळकर या एका आईनं स्वमग्न मुलांसाठी ‘आरंभ’ ही संस्था उभी केली. पण प्रत्येक तालुक्यातल्या आईनं एकटीनं असं काही उभारावं, अशी अपेक्षा कशी धरायची?

हे काम गावातही होऊ शकतं. गोव्यातील ‘संगाथ’ संस्था आणि पाकिस्तानातील रावळपिंडी इथं डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी संवाद साधायला शिकवलं. आई-वडिलांचा मुलाशी सूर जुळला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली, असं 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यावरील अभ्यासात दिसलं.

म्हणून ही विनंती.

आशाताई, अंगणवाडीताई: शंका आली की थांबू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणीला येतं. ते मूल त्या दिवशी हजर राहील एवढं पाहा.

शिक्षकहो: 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ‘आमच्याकडे जमणार नाही’ म्हणून कुणालाही परत पाठवू नका. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांची मदत मागा.

सरपंच, ग्रामसेवक: ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी राखीव आहे. येत्या ग्रामसभेत तो विषय घ्या आणि या मुलांची नावं यादीत आहेत का ते तपासा. अनेक स्वमग्न मुलं नकळत घराबाहेर पडतात, पाण्याकडे ओढली जातात. गावातल्या उघड्या विहिरींना कठडे बांधा.

शेजाऱ्यांनो: हळदीच्या मांडवात डीजे सुरू होतो, पोरगं कानांवर हात दाबून किंचाळतं आणि आई पाहुण्यांच्या नजरा चुकवत त्याला घेऊन बाहेर पडते. तो आवाज त्याला खरोखर सहन होत नाही. ‘वळण नाही लावलं’ असं म्हणू नका. आवाज कमी करा. दोन तास मूल सांभाळा, म्हणजे त्या आईला जेवता येईल, झोपता येईल, स्वतःचं दुखणं दवाखान्यात दाखवता येईल.

आई-वडिलांनो: मुलाला लपवू नका. सरकारी रुग्णालयात तपासणी करून दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ विमा योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचा खर्चही धरलेला आहे.

शहरातल्या तज्ज्ञांनो: महिन्यातला एक दिवस कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणला द्या. तिथल्या आशाताईंना शिकवा.

आपल्या गावात असं लेकरू असेल तर आजच त्या घरी जा आणि विचारा, ‘आम्ही काय करू?’ पुढच्या तपासणीला त्या आईसोबत गावातलं कुणीतरी गेलंच पाहिजे.